धुराच्या वाटेचा इतिहास

मालमोटारीच्या किंवा बसच्या पाठीवर ‘टर्बो’ अशी अक्षरे रंगवलेली आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वर्गात एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, टर्बो म्हणजे काय?” “इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा,” असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. उत्तर चूक नाही, पण त्यातली खरी गंमत निसटते. हा पंखा फिरवतो कोण? इंजिनाने बाहेर टाकलेला धूर. त्या धुराला वाट कशी करून द्यायची, हा प्रश्न सोडवायला अभियंत्यांना काही दशके लागली. आजही मोटारीच्या कार्यशाळेत टर्बोमागची नळी, म्हणजे ‘डाऊनपाइप’, घडवणारा कारागीर याच प्रश्नाशी झगडत असतो. ही गोष्ट त्या धुराच्या वाटेची आहे.

तिसरा वाटा कोठे जातो?

पेट्रोल इंजिनात शंभर रुपयांचे इंधन जाळले, तर त्यातील ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्यातून व अंगच्या उष्णतेतून जातो आणि उरलेला तिसरा धुराबरोबर बाहेर पडतो. दट्ट्या खाली पोचण्याच्या सुमारास बाहेरची झडप उघडते, तेव्हा सिलिंडरमधील वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. वायू धडाक्याने बाहेर फुटतो. सायलेन्सर नसलेल्या इंजिनाचा कानठळ्या बसवणारा आवाज तो हाच.

दुसऱ्या बाजूला, इंजिनाची शक्ती ठरते ती त्यात किती हवा शिरते यावर. इंधन हवे तितके ओतता येते, पण ते जाळायला प्राणवायू हवा. सिलिंडरचा आकार ठरलेला असतो. मग त्याच जागेत जास्त हवा बसवायची तर ती दाबून भरावी लागते. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्येच हवा दाबून भरण्याच्या कल्पनेवर पेटंट घेतले होते. पण दाबणारा पंप चालवायचा इंजिनाच्याच शक्तीवर. म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने थोडे काढून घ्यायचे.

फुकट जाणारा धूर आणि हवेसाठी भुकेले इंजिन या दोन गोष्टींची सांगड घातली ती एका स्विस तरुणाने.

ब्यूखी यांची वीस वर्षे

आल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेतून ते अभियंता झाले. नोव्हेंबर १९०५ मध्ये त्यांनी एका जोड यंत्राचे पेटंट मागितले. मध्ये पिस्टन इंजिन, एका अंगाला हवा दाबणारा संपीडक आणि दुसऱ्या अंगाला धुराने फिरणारे टर्बाइन, अशी ती रचना होती. तेव्हा ब्यूखी यांचे वय होते २६.

कागदावर सगळे सुरेख होते. मग ते प्रत्यक्षात यायला वीस वर्षे का लागली? एक सोपा हिशेब विद्यार्थ्यांना करायला द्यावा. समजा टर्बाइन धुरातील उपलब्ध ऊर्जेपैकी निम्मी पकडते आणि संपीडकही मिळालेल्या ऊर्जेपैकी निम्मीच हवा दाबण्याच्या कामी लावतो. मग हाती लागते ०.५ × ०.५ = ०.२५, म्हणजे अवघी २५ टक्के. दोन्हींची कार्यक्षमता ७० टक्क्यांवर नेली तर गुणाकार ४९ टक्के होतो. भागांची प्रगती थोडी, पण जोडीची जवळजवळ दुप्पट! त्या काळची टर्बाइने आणि संपीडक या गुणाकाराच्या चुकीच्या बाजूला होते. शिवाय लाल तापलेल्या वायूत हजारो फेऱ्यांनी फिरणारी पाती टिकवील असा धातूही नव्हता.

यशाचे वर्ष १९२५. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी बोटींसाठी दहा सिलिंडरांची डिझेल इंजिने ब्यूखी यांच्या पद्धतीने बनवण्यात आली. एरवी १,७५० अश्वशक्ती देणारे इंजिन आता २,५०० अश्वशक्ती देऊ लागले. वाढ ४३ टक्के, आणि सिलिंडर तेवढेच!

त्याच वर्षी ब्यूखी यांनी आणखी एक पेटंट घेतले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचे, कारण ते चाकाविषयी नसून नळ्यांविषयी होते. झडप उघडताच धूर एका झटक्यात बाहेर येतो हे आपण पाहिले. सर्व सिलिंडरांचा धूर एकाच मोठ्या नळीत सोडला, तर तो झटका त्या पोकळीत विरून जातो. एवढेच नव्हे, एका सिलिंडरचा झटका शेजाऱ्याच्या उघड्या झडपेतून आत घुसतो आणि त्याचा उरलेला धूर बाहेर पडू देत नाही. ब्यूखी यांनी सिलिंडरांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र, अरुंद नळी देऊन ती थेट टर्बाइनपर्यंत नेली.

सहा सिलिंडरांचे उदाहरण घेऊ. त्यांचा पेटण्याचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. पहिल्या तिघांना एक नळी आणि शेवटच्या तिघांना दुसरी नळी दिली, तर काय होते? क्रम नीट पाहा : एक झटका पहिल्या नळीत, पुढचा दुसऱ्या नळीत, पुन्हा पहिलीत. प्रत्येक नळीत दोन झटक्यांमध्ये भुजादंडाचे २४० अंशांचे अंतर पडते. कोणी कोणाच्या पायात पाय घालत नाही. आजच्या मोटारींत ‘ट्विन-स्क्रोल’ या नावाने मिरवणारी रचना म्हणजे याच विचाराचे नातवंड.

येथे धुराच्या वाटेचा पहिला नियम हाती आला : टर्बाइनच्या आधीची नळी आखूड, अरुंद आणि गटवार हवी, म्हणजे झटका जिवंत राहतो. टर्बाइनच्या नंतरच्या नळीचा नियम मात्र बरोबर उलटा आहे. तो समजायला आपल्याला डोंगरावर जावे लागेल.

चौदा हजार फुटांवरची परीक्षा

पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली आणि एक अडचण पुढे आली. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे इंजिन धापा टाकू लागते. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो यांनी विमानाच्या इंजिनाला टर्बो जोडण्याचे प्रयोग केले. ती बातमी अमेरिकेत पोचली, तेव्हा तेथील वैमानिकी सल्लागार समितीचे प्रमुख विल्यम ड्युरंड यांना आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली.

त्या विद्यार्थ्याचे नाव सॅनफर्ड मॉस. कॉर्नेल विद्यापीठात वायु-टर्बाइनवर संशोधन करून त्यांनी १९०३ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती आणि पुढे ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गेले. टर्बाइन इंधन फार खाते म्हणून कंपनीने १९०७ मध्ये ते काम बंद केले. पण त्यातून तयार झालेले संपीडक ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा पुरवण्यासाठी विकले जात होते. मॉस यांच्याजवळ टर्बाइन आणि संपीडक या दोन्हींचा अनुभव होता.

यंत्र तयार झाले, पण त्याची परीक्षा कोठे घ्यायची? उंचावरची विरळ हवा प्रयोगशाळेत आणणे कठीण. मग इंजिनच उंचावर न्यायचे ठरले. १९१८ मध्ये बारा सिलिंडरांचे ‘लिबर्टी’ इंजिन मालमोटारीवर चढवून कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फूट उंच शिखरावर नेण्यात आले. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो.

आकडे बोलके आहेत. खाली मैदानात हे इंजिन सुमारे ३५० अश्वशक्ती देत असे. शिखरावर टर्बोविना त्याने दिली २३०, म्हणजे तिसरा हिस्सा गायब! टर्बो जोडल्यावर त्याच शिखरावर मिळाली ३५६ अश्वशक्ती. इंजिनाला आपण डोंगरावर आहोत हे जणू कळलेच नाही.

या ठिकाणी थांबून एक प्रश्न विचारावा : विरळ हवेत धूरही कमी तयार होतो, मग टर्बाइन जोराने फिरते कसे? उत्तर असे, की टर्बाइनला मिळणारी ऊर्जा नुसत्या धुराच्या प्रमाणावर ठरत नाही. चाकाच्या आधीचा दाब आणि चाकानंतरचा दाब यांच्या गुणोत्तरावरही ती अवलंबून असते. धबधब्याच्या पाणचक्कीत पाणी किती आहे याबरोबरच ते किती खोल पडते हेही महत्त्वाचे असते, तसेच हे. डोंगरावर बाहेरचा दाब कमी, म्हणून धुराची ‘उडी’ मोठी. निसर्गाने एका हाताने काढून घेतलेले काही अंशी दुसऱ्या हाताने परत केले.

या शक्तीची किंमत माणसाच्या शरीराला मोजावी लागली. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर यांनी मॉस यांचा टर्बो बसवलेले दुपंखी विमान ओहायोतील डेटन येथून ३३,११३ फुटांवर नेले. ही उंची एव्हरेस्टपेक्षा चार हजार फुटांनी जास्त, आणि तीही उघड्या बैठकीत बसून! वर त्यांचा प्राणवायूचा पुरवठा बंद पडला. चष्मा वर केला तशी कडाक्याच्या थंडीने डोळे गोठू लागले आणि त्यांची शुद्ध हरपली. विमान मैलोगणती खाली कोसळत आले. जमिनीच्या जवळ ते भानावर आले आणि जवळजवळ दिसत नसताना त्यांनी विमान उतरवले. इंजिनाला दाबलेली हवा मिळत होती, माणसाला मात्र नव्हती. पुढे वैमानिकाच्या खोलीतही दाबाखाली हवा भरू लागले, त्यामागे असे अनुभव होते.

कवळीचा धातू आणि मेणाचा साचा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला टर्बो हजारोंनी हवे होते. बी-१७ बाँबफेकी विमानाच्या चारही इंजिनांना एकेक टर्बो असे. अडचण होती पात्यांची. तप्त वायूत टिकणारे मिश्रधातू इतके कठीण, की ते ठोकून आणि कातून लहानलहान पाती बनवणे अतिशय वेळखाऊ होते.

उपाय सापडला दंतवैद्यांकडे. १९३०च्या दशकात कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा ‘व्हायटॅलियम’ नावाचा मिश्रधातू कवळ्यांच्या सांगाड्यांसाठी वापरात आला होता. तोंडात तो गंजत नसे. शिवाय दंततंत्रज्ञ तो कातत बसत नसत. ते मेणाची प्रतिकृती करत, तिच्याभोवती साचा घडवत, मेण वितळवून काढत आणि त्या पोकळीत धातू ओतत. हाच धातू आणि हीच रीत टर्बोच्या पात्यांसाठी वापरण्यात आली. जबड्यात बसणारी वस्तू आणि विमानाच्या धुरात फिरणारी वस्तू एकाच पद्धतीने ओतली जाऊ लागली.

आपल्याला ही रीत परकी नाही. देवांच्या धातुमूर्ती ओतण्याच्या या पद्धतीला संस्कृतात ‘मधुच्छिष्टविधान’ म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तिचे वर्णन आहे. मधुच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले, अर्थात मेण.

या विमानांतील नळ्याही पाहण्यासारख्या होत्या. पी-४७ थंडरबोल्ट या लढाऊ विमानात इंजिन नाकात आणि टर्बो वैमानिकाच्या मागे, शेपटाच्या बाजूला. धूर विमानाच्या पोटातून मागे न्यायचा आणि दाबलेली हवा पुन्हा पुढे आणायची. त्या विमानाचे गुबगुबीत पोट या नळ्यांमुळे आले. बी-१७ मध्ये टर्बाइनचे चाक पंखाखालच्या कवचात बाहेरून दिसेल असे उघडेच असे. चाकातून निघालेला धूर थेट आकाशात जाई. चाकानंतरच्या नळीचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न निर्माण झाला टर्बो जमिनीवर आल्यावर.

काळा धूर आणि पिवळी किटली

जमिनीवरच्या टर्बोची पहिली मोठी गिऱ्हाइके होती डिझेल इंजिने. स्वित्झर्लंडच्या सॉरर कंपनीने १९३८ मध्ये मालमोटारीचे टर्बो इंजिन बनवले. १९५२ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्स कंपनीच्या टर्बो-डिझेल मोटारीने सर्वांत वेगवान फेरी मारून पहिली जागा पटकावली, पण शर्यतीत ७१ फेऱ्यांनंतर ती थांबली. धावपट्टीवरचा रबराचा भुगा टर्बोच्या हवेच्या तोंडाशी जाऊन बसला होता. याच कमिन्सशी भागीदारी करून १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर-कमिन्स सुरू झाली.

भारतीयांनी टर्बो सर्वांत जवळून पाहिला तो मात्र रेल्वेत. १९६२ मध्ये अमेरिकेतून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेली ‘डब्ल्यूडीएम-२’ इंजिने, सोळा सिलिंडरांची आणि २,६०० अश्वशक्तीची, टर्बोयुक्त होती. गाडी सुटताना या इंजिनातून काळ्या धुराचा लोट उठत असे. तो धूर म्हणजे टर्बोच्या स्वभावाचा धडाच होता. चालकाने शक्ती मागताच इंधन लगेच वाढते, पण टर्बोचे जड चाक वेग घ्यायला काही क्षण लावते. तोवर हवा अपुरी, इंधन जास्त. अर्धवट जळलेल्या कार्बनची काजळी बाहेर पडते. चाकाने वेग घेतला की धूर विरळ होतो. या विलंबाला ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

फॉर्म्युला वन शर्यतीत १९७७ मध्ये रेनॉ कंपनीने दीड लिटरची टर्बो मोटार तीन लिटरच्या गाड्यांसमोर उतरवली, तेव्हा ती वारंवार धूर सोडत बंद पडे. लोकांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले. १ जुलै १९७९ रोजी त्याच संघाच्या झाँ-पियेर जाबुई यांनी दिजाँ येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि हसणे थांबले.

जेव्हा सायलेन्सरच लगाम होता

घरगुती मोटारीत टर्बो आला १९६२ मध्ये, अमेरिकेतील दोन गाड्यांत. ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंजिनात ‘ठोका’ बसू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण फवारले जाई. मालक ती बाटली भरायला विसरत. टर्बोला कंटाळून अनेकांनी तो काढूनच टाकला.

दुसरी गाडी शेव्हरोलेट कॉर्व्हेअर. तिची गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. टर्बोचा एक धोका असा, की धूर वाढला की चाक जोरात फिरते, त्यामुळे हवा वाढते, हवेमुळे धूर आणखी वाढतो. या चक्राला आवर घातला नाही तर इंजिन फुटते. आज त्यासाठी ‘वेस्टगेट’ नावाची झडप असते. ठरावीक दाबानंतर ती जास्तीचा धूर चाकाला वळसा घालून सोडून देते. कॉर्व्हेअरमध्ये ही झडप नव्हती. तिचा लगाम म्हणजे हवेच्या वाटेतला कार्ब्युरेटर आणि धुराच्या वाटेतला सायलेन्सर! सायलेन्सरचा अडथळा चाकामागचा दाब वाढवी आणि चाकाला फार धावू देत नसे. एखाद्या हौशी मालकाने मोकळा सायलेन्सर बसवला, की लगाम सुटला.

चाकानंतरची नळी निरुपद्रवी नसते हे येथे दिसते. समजा चाकाआधीचा दाब २ वातावरण आहे आणि नंतरचा १. गुणोत्तर २. आता नळी चोंदल्यामुळे नंतरचा दाब १.२ झाला. गुणोत्तर उतरले १.६७ वर. पूर्वीइतकेच काम हवे असेल तर चाकाआधी २.४ वातावरण दाब लागेल, आणि तो निर्माण करायला दट्ट्याला धूर जास्त जोर लावून ढकलावा लागेल. म्हणून दुसरा नियम : चाकानंतरची नळी जितकी मोकळी तितकी बरी, पण चाकावर स्वतंत्र लगाम हवा. १९७७ मध्ये स्वीडनच्या साब कंपनीने ‘९९ टर्बो’ मांडली तेव्हा तिने वेस्टगेटच्या साहाय्याने कमी वेगातही उपयोगी पडणारा टर्बो दाखवला आणि टर्बो रोजच्या वापराची वस्तू झाली.

नळी घडवताना

आता कार्यशाळेत येऊ. कारखान्याची डाऊनपाइप अनेकदा अरुंद आणि वाकणांची असते. जागा थोडी, खर्च आटोक्यात ठेवायचा, आवाज दाबायचा, अशी बंधने तिच्यावर असतात. शर्यतीच्या मोटारीसाठी किंवा बदललेल्या टर्बोसाठी ती नव्याने घडवावी लागते. या कामात शाळेतले भौतिकशास्त्र पावलोपावली भेटते.

व्यास : नळी अडीच इंचांवरून तीन इंचांवर नेली तर छेदाचे क्षेत्रफळ (३/२.५)², म्हणजे १.४४ पट होते. पण तेवढाच वायू वाहताना घर्षणाने होणारी दाबाची घट ढोबळमानाने व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. १.२ चा पाचवा घात सुमारे २.५. म्हणजे घट ४० टक्क्यांवर येते. अर्ध्या इंचाचा केवढा परिणाम!

वाकण : नळी नुसती वाकवली तर आतली बाजू चुरगळते आणि वाट अरुंद होते. जुने कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून भरतात आणि मग वाकवतात. यंत्रात हेच काम आत सरकवलेला धातूचा गाभा करतो. जागा फारच कमी असेल तर नळीच्या तिरप्या फोडी कापून त्या एकापुढे एक जोडतात.

जोड : आधी सर्व तुकडे गाडीखाली जागेवर धरून थोडेथोडे टाके मारतात. स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि रबरी भाग यांपासून पुरेसे अंतर आहे ना, ते पाहतात. मग नळी उतरवून पूर्ण वेल्डिंग होते. टर्बोला टेकणारी फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते, म्हणून ती जाड पट्टीला बोल्टने आवळून मगच जोडतात. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत बाहेरून आर्गन वायूचे संरक्षण पुरत नाही. नळीची तोंडे बंद करून आतही आर्गन भरावा लागतो. नाहीतर तापलेल्या धातूला आतून ऑक्सिजन लागतो आणि जोड साखरेसारखा दाणेदार, काळा आणि ठिसूळ होतो. बाहेरून मात्र तो चकचकीत दिसतो!

प्रसरण : स्टेनलेस स्टीलची एक मीटर लांबी एक अंश सेल्सिअसने तापल्यास सुमारे ०.०१७ मिलिमीटर वाढते. ६०० अंश तापल्यास ०.०१७ × ६०० = १०.२ मिलिमीटर. म्हणजे एक मीटर नळी एक सेंटिमीटरने लांबते. शिवाय वेग घेताना इंजिन आपल्या रबरी गाद्यांवर झुलते. दोन्ही टोके घट्ट जखडली तर कोठेतरी तडा जाणारच. म्हणून मध्ये भात्यासारखा घड्यांचा लवचिक तुकडा बसवतात. रेल्वेच्या रुळांमधील फटीइतकेच हे चांगले उदाहरण आहे.

बसवणे : ऑक्सिजन मोजणारा संवेदक आडव्या रेषेच्या वर तिरपा बसवावा लागतो, म्हणजे थंड नळीत साचलेले पाणी त्यावर उतरत नाही. त्याच्या आधी एखादी बारीक गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि संवेदक संगणकाला खोटी बातमी देतो. गॅस्केट नवे घालतात. इंजिन तापवून, पूर्ण निवल्यावर बोल्ट पुन्हा तपासतात. बॉनेटखालची गळती साधी समजू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि गाडीत हवा आत घेण्याचा झरोका जवळच असतो.

आणि कॉर्व्हेअरचा धडा येथे पुन्हा आठवतो. नळी फार मोकळी केली आणि वेस्टगेट लहान असेल, तर ते जास्तीचा धूर सोडण्यास अपुरे पडते आणि दाब आपोआप चढत जातो. नळी बदलणाऱ्याने लगामही तपासला पाहिजे.

वाट कोणाच्या दारात संपते?

कारखान्याच्या डाऊनपाइपमध्ये बहुधा आणखी एक वस्तू असते : कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम गटातील धातूंचा लेप दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना कमी घातक वायूंत बदलते. ती तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून ती टर्बोच्या अगदी जवळ बसवतात. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली आणि तिला विषारी ठरणारे शिसे नसलेले पेट्रोलही तेव्हाच मिळू लागले.

ही जाळी वायूला थोडा अडथळा करतेच. म्हणून हौशी मंडळी नवी नळी बसवताना ती काढून टाकतात. थोडी अश्वशक्ती मिळते, पण विष रस्त्यावर सांडते. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार वाहनात मूळ रचनेपेक्षा वेगळे असे फेरफार करण्यास मनाई आहे. बंदिस्त शर्यतपथावरच्या गाडीची गोष्ट वेगळी, शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीची वेगळी.

बी-१७ चा धूर थेट आकाशात जात होता. मोटारीचा धूर मात्र मागून सायकलवर येणाऱ्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर सुटतो. अभियंत्याने नळीचा विचार किती लांबपर्यंत करायचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. चाकाआधी झटका जपायचा, चाकानंतर वाट मोकळी करायची आणि शेवटी बाहेर पडणाऱ्या वायूची जबाबदारी घ्यायची : धुराच्या वाटेचा तिसरा नियम हा, आणि तो शिकायला सर्वांत जास्त वेळ लागला.

वर्गात करून पाहा

बुटांच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी भोके पाडा. आत, एका भोकासमोर, कागदी भिरभिरे टाचणीवर बसवा. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चिकटवा. भिरभिऱ्यासमोरच्या भोकातून नळीने एकसारखे फुंका आणि दुसरे भोक हळूहळू पुठ्ठ्याने झाकत जा. फुंकर तीच ठेवण्याचा प्रयत्न केला तरी भिरभिरे मंदावते आणि फुंकणाऱ्याचे गाल दुखू लागतात. गाल म्हणजे इंजिन, भिरभिरे म्हणजे टर्बाइन आणि दुसरे भोक म्हणजे डाऊनपाइप. मंदावण्याचे कारण सांगण्याआधी विद्यार्थ्यांना ते स्वतः शोधू द्या.